लाल बटण लांब का?

मागल्या तुरीच्या हंगामात आमच्या मिलमधे एका माणसाची तीन बोटं गेली. पट्टा आणि पुली यांच्या मधे. नोंदवहीत कारकुनानं एक ओळ लिहिली : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मिल सुरू.

मला त्या एका ओळीविषयी लिहायचं आहे. कारण ती ओळ आपल्या ओळखीची आहे. कागद बदलतात, लिहिणारे बदलतात, ओळ तीच राहते.

आमची मिल कापडाची नाही, डाळीची. चाकूरहून सकाळच्या एसटीनं लातूरला जायचं, अंधार पडल्यावर परत यायचं. मिलमधे तूर येते, चाळली जाते, एमरीच्या रोलात घासली जाते, तेलपाणी लावून वाळवली जाते, फोडली जाते, टरफल उडवलं जातं. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर माल चढवायला एलेवेटर. प्रत्येक एलेवेटरला मोटर, प्रत्येक मोटरला पट्टा. आणि सगळ्या मोटरींचे स्टार्टर एकाच भिंतीवर, ऑफिसच्या दाराशेजारी. चार स्टार्टर, एका रांगेत, एका आकाराचे, एका राखी रंगाचे. प्रत्येकावर दोन बटणं. एक हिरवं, एक लाल. म्हणजे कधी काळी हिरवं-लाल होतं. आता भुसा आणि तेलकट बोटं लागून दोन्ही सारखीच काळी. कुठला स्टार्टर कुठल्या मोटरचा, हे कुठंही लिहिलेलं नाही. ज्याला माहीत त्याला माहीत. नवा माणूस पंधरा दिवसांत शिकतो, असं मुकादम म्हणतो. म्हणजे पंधरा दिवस चुकतो.

त्या माणसाला मिलमधे सगळे मामा म्हणतात. त्या दिवशी पट्टा पुलीवरून सरकत होता. चालू पट्टा हातानं जागेवर ढकलणं ही आमच्याकडं रोजची गोष्ट. बंद करून ढकलायचा तर भिंतीपर्यंत जाऊन यावं लागतं. तेवढ्यात माल तुंबतो, मुकादम ओरडतो, मजुरीतून कापायची भाषा होते. मामांनी हात घातला. पट्ट्यानं बाही धरली.

भिंतीच्या सगळ्यात जवळ मी होतो.

मी पळालो. बटण दाबलं. मोटर बंद पडली. पण ती तिसरी मोटर होती. मामांची दुसरी. मग दुसरं बटण दाबलं. मधे किती वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात बोटं गेली.

मुकादम धावत आला आणि पहिला शब्द बोलला, "हात कामून घातला?" शेठ आले, तेही तेच बोलले. दवाखान्यात डॉक्टरनं तेच विचारलं. संध्याकाळी मामी आल्या, त्याही रडत रडत तेच म्हणाल्या, "हात कामून घातलाव वो तुमी?" माझ्यासकट सगळ्यांनी तेच विचारलं. एकानंही विचारलं नाही की, बटण तिथं कामून ठेवलं?

दोन दिवसांनी मामा शुद्धीत बोलायला लागले. मला म्हणाले, "कोनचं दाबलास रं?"

मी म्हणालो, "तिसरं दाबलं मामा."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला बी वरीसभर तिसरंच दुसरं वाटायचं."

या वाक्यानंतर माझी झोप गेली. आधी मी स्वतःला गुन्हेगार समजत होतो. आता मला कळेना, मी कोण आहे. ज्याची बोटं गेली तोही त्याच जागी चुकायचा. मिलमधला प्रत्येक माणूस त्याच जागी चुकायचा. जिथं प्रत्येक जण चुकतो तिथं चूक माणसाची असते की जागेची?

मित्रांनो, हा प्रश्न मला कुणी शिकवलेला नाही. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. झोप येईना म्हणून मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता मला विमानांची एक हकिकत सापडली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची बॉम्बफेकी विमानं होती. ही विमानं नीट उतरायची, धावपट्टीवर टेकायची, आणि टेकल्यावर वैमानिक चाकंच वर ओढून घ्यायचा. विमान पोटावर आदळायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिथंही आपल्यासारखीच ओळ लिहिली जायची : वैमानिकाची चूक. मग अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाला विचारलं गेलं. त्यानं वैमानिकांची डोकी तपासण्याआधी विमानात जाऊन बसून बघितलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी शेजारी होते. दिसायला सारखे, हाताला सारखे. दमलेला माणूस झडपा घ्यायला जायचा आणि चाकं घ्यायचा. चॅपनिसनं इलाज काय केला? चाकांच्या खटक्याला एक छोटं रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. न बघता हाताला कळावं, हे चाक आहे, ही झडप आहे. तो घोटाळा थांबला. माणसं तीच होती. आज जगभरच्या विमानांत चाकांच्या दांड्याला चाकाचाच आकार असतो.

ही हकिकत वाचून मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद यासाठी की, मी एकटा नाही. राग यासाठी की, तिथं चुकणारा हात अधिकाऱ्याचा होता. वैमानिक शिकलेला, पगारी, आणि त्याच्याखालचं विमान लाखमोलाचं. म्हणून कुणीतरी खटका तपासला. आमच्याकडं हात तपासतात. हाताची जात तपासतात. "ही मानसं अशीच, ध्यान नसतं कामात." ज्याच्या हाताला किंमत असते त्याची चूक यंत्रात शोधली जाते. ज्याच्या हाताला किंमत नसते त्याची चूक त्याच्या रक्तात शोधली जाते.

आता कुणी म्हणेल, हे मिलचं झालं. नाही. घरात बघा. भिंतीवर बोर्ड असतो, एका रांगेत सहा बटणं. पाहुणा पंखा लावायला उठतो आणि दिवा घालवतो. मग ओशाळून म्हणतो, "चुकलं बरं का." पाहुण्यानं काय केलं? सहा सारखी बटणं ज्यानं एका रांगेत बसवली त्यानं ओशाळायला पाहिजे.

बँकेत जा. काचेचं दार. दाराला धरायला चकचकीत दांडा, आणि वर लिहिलेलं : ढकला. दांडा दिसला की माणूस ओढणारच. हाताला तेच कळतं. आपली म्हातारी पगाराचे पैसे काढायला जाते, दांडा धरून ओढते, दार हलत नाही, आणि शिपाई खेकसतो, "वाचता येत नाही का?" दांड्याच्या जागी सपाट पत्रा ठोकला असता तर तिनं आपोआप ढकललं असतं, अक्षर लागलंच नसतं. दार म्हातारीला कळत नाही, यात कमीपणा दाराचा आहे. पण मान खाली जाते ती म्हातारीची. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षराला शिवू दिलं नाही त्यांच्यापुढं अक्षराचं दार उभं करायचं आणि वर त्यांनाच विचारायचं, वाचता येत नाही का!

अंगठ्याचंही तसंच. पूर्वी सही येत नाही त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे. आम्ही चार अक्षरं शिकलो, सही करायला लागलो, तर आता रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठाच मागतात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर बोटांचे ठसे पोटाशी जोडले गेले. पण ज्यांची बोटं दगड, माती, विटा, सिमेंट, ऊस यांवर घासतात त्यांच्या ठशांच्या रेघा पुसट होतात. मामांचा अंगठा वाचला. पण एमरीवर इतका घासलाय की यंत्राला ओळखू येत नाही. दुकानदार म्हणतो, "तुमचा अंगठा खराब आहे, धुऊन या." धुऊन रेघा उगवतात काय? ज्यांच्यासाठी स्वस्त धान्य, तेच हातानं राबणारे. आणि राबणाऱ्या हाताला जे यंत्र ओळखत नाही तेच त्यांच्यापुढं ठेवलेलं. इथंही खराब अंगठाच. यंत्र खराब आहे असं कुणी म्हणत नाही.

मोटारीतही हेच शिरलंय. पूर्वी गाडीत हवेचं, रेडिओचं बटण हाताला लागायचं. ड्रायव्हर रस्त्यावर नजर ठेवून अंदाजानं फिरवायचा. आता बऱ्याच नव्या गाड्यांत बटणं काढून काच बसवलीय. काचेला उंचवटा नाही, खाच नाही, हाताला काहीच कळत नाही. बघावंच लागतं. बघायचं म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. आणि ठोकर बसली की बोलणी कुणाला? ड्रायव्हरला. गाडी शेठची, काच कंपनीची, शिव्या ड्रायव्हरच्या.

काचेचा हा सोस कुठवर गेला ते बघा. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन नावाची अमेरिकी युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी मेले. सुकाणू आणि वेग यांचा ताबा एका काचेवरून दुसऱ्या काचेवर देताना गोंधळ झाला होता. ताबा नेमका कुणाकडं आहे हेच माणसांना कळलं नाही. चौकशीत त्या काचांनाही दोष दिला गेला. २०१९ साली त्या आरमारानं ठरवलं की, वेगासाठी हाताला लागणारे जुने दांडे परत बसवायचे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत आरमाराला जे कळायला दहा मुडदे लागले ते मामांना वरीसभर कळत होतं. पण मामांना विचारतो कोण?

आता मी आपल्या इतिहासाकडं येतो. कारण यंत्रातला दोष आणि जात यांची गाठ कशी पडते हे मुंबईच्या कापड गिरण्यांइतकं उघडं कुठंच दिसत नाही.

मागावर धोटा असतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. जुन्या धोट्याला हे करायची एकच रीत होती. भोकाला तोंड लावून सूत चोखून ओढायचं. दिवसातून कितीतरी वेळा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. सुताबरोबर कस्पट छातीत जायचं, एकाचा रोग दुसऱ्याला लागायचा. साध्या शब्दांत सांगायचं तर धोट्याची घडण वाईट होती.

पण आपल्याकडं त्या वाईट घडणीतून काय निघालं? सवर्ण साचेवाले म्हणाले, अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही. म्हणून साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव. साचेखात्यात पगार जास्त. आपल्या बापजाद्यांना त्रासन खात्यात, कमी पगारावर. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न टाकला. साचेखातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपात या असं आम्ही कोणत्या तोंडानं सांगायचं? पुढारी लाल झेंड्याचे होते. त्यांनाही ही मागणी सुचली नव्हती. ती त्यांच्याकडून घ्यावी लागली.

आता ऐका. तोंड न लावता हातानं सूत ओवता येईल असा धोटा तेव्हा जगात होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच निघाला होता. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली तोंडाचा धोटा कायद्यानं बंद केला. इंग्लंडच्या लँकेशायरमधे १९५२ साल उजाडलं. म्हणजे १९२८ साली मुंबईत धोटा बदलता आला असता. मालकांनी बदलला नाही, कारण खर्च. साचेवाल्यांनी बदला म्हटलं नाही, कारण धोट्याच्या आड त्यांची जात आणि त्यांचा पगार दोन्ही शाबूत होते. लाकडाचा एक वीतभर तुकडा बदलायचा सोडून हजारो माणसांना दाराबाहेर ठेवलं.

मी जेव्हा जेव्हा हे आठवतो तेव्हा वाटतं, आमच्या चार स्टार्टरची भिंत त्याच गिरणीची भिंत आहे.

असं का होतं? १९३६ साली बाबासाहेबांनी एक फरक दाखवून दिला. कामं वाटून घेणं वेगळं, आणि कामकऱ्यांना एकमेकांपासून तोडून उतरंडीवर रचणं वेगळं. जात दुसरं करते. यंत्राच्या बाबतीत त्याचा अर्थ मला असा दिसतो. जो दांडा घडवतो त्याला तो कधी ओढावा लागत नाही. जो ओढतो त्याला घडवताना कुणी बोलवत नाही. डोकं एका वस्तीत राहतं, हात दुसऱ्या वस्तीत. दोघांच्या मधे शिवाशिव. मग हाताचं दुःख डोक्यापर्यंत पोचणार कसं? फक्त नोंदवहीतून पोचतं, आणि नोंदवही डोक्याच्याच हातात.

उलट जिथं हात आणि डोकं जवळ आलं तिथं काय घडलं तेही सांगतो. लांबचं नाही, मराठवाड्याचंच. दुष्काळात गावोगाव बोअर पाडले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हापसे बसवले. त्या हापशांची मूळ घडण परदेशातल्या एका घराच्या अंगणासाठी होती. दिवसातून चार बादल्या. इथं एका हापशावर अख्खं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत. हापसे मोडायला लागले. तेव्हाही साहेब लोक म्हणायचे, गावकऱ्यांना वापरता येत नाही, दणादणा हापसतात. पण जालन्यात मिशनच्या दुरुस्तीवाल्यांनी आणि मग सोलापूरच्या विहीर दुरुस्तीवाल्यांनी मोडलेले हापसे उघडून बघितले. तुटतं कुठं, झिजतं कुठं. त्यांनी ओतीव लोखंडाऐवजी पोलाद घेतलं, दांड्याच्या सांध्याची घडण बदलली. त्या सोलापुरी हापशावरूनच पुढं युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू हापसा तयार झाला. १९७७-७८ च्या सुमारास तो कारखान्यात निघायला लागला आणि जगभर लाखोंनी गेला. बाया त्याच होत्या, हात तेच होते, हापसणंही तसंच दणादणा. फक्त यावेळी दांडा घडवणाऱ्यानं आधी हात बघितला होता.

हापशानं जात मोडली असं मी म्हणत नाही. कुणी आधी भरायचं, कुणाच्या घागरीनंतर दांडा धुवायचा, ही भांडणं हापशावरही झाली. १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला जे करावं लागलं ते हापसा बसवून संपलं नाही. लोखंड माणसाला माणूसपण देऊ शकत नाही. पण ते काढून घेऊ शकतं, एवढं मला आता कळलंय.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. कामगार कधीच निष्काळजी नसतो का? असतो. मी मिलमधे राहतो, मला माहीत आहे. कुणी पिऊन येतं, कुणी पेंगतं, कुणी पैज लावून पट्टा ओलांडतं. सगळा दोष यंत्रावर टाकला तर आपणही तेच केलं जे शेठनं केलं. आपल्या अंगावरचं दुसऱ्यावर ढकललं. आणि माणूस म्हणवून घ्यायचं तर आपल्या चुकीचं ओझं आपण उचलायला पाहिजे. मी दोन वर्षं त्या भिंतीसमोरून जात होतो. मला दुसरं आणि तिसरं पाठ पाहिजे होतं. नव्हतं. हे ओझं माझं आहे, ते मी मामांपुढं नाकारलं नाही, इथंही नाकारत नाही.

पण चूक आणि अपराध यांत फरक आहे. माणूस चुकतो. घाबरला की हमखास चुकतो. दमला की चुकतो. हे जगात कुणाला ठाऊक नाही? मग ज्याला हे ठाऊक आहे, ज्याच्या हातात बदलायची ताकद आहे, आणि जो तरीही चुकीला जागा ठेवत नाही, एका श्वासाची किंमत तीन बोटं ठरवतो, त्याचं कृत्य चूक नाही. तो अपराध आहे. मी चुकलो. त्यांनी अपराध केला. नोंदवहीत माझ्या बाजूचं एवढंसं लिहिलं आणि त्यांच्या बाजूचं पान कोरं ठेवलं.

आणि ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. चालत्या यंत्राला कुंपण घाला. कलम २४ म्हणायचं, अडचणीच्या वेळी वीज तोडायचं साधन कामाच्या प्रत्येक खोलीत ठेवा. तो कायदा आता २०२० च्या नव्या संहितेत गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. मूळ जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना. नव्या संहितेत वीस. आम्ही मिलमधे सोळा जण. त्या मूळ कायद्यानं आम्ही कारखान्यात होतो. आज आम्ही त्याच पट्ट्यासमोर उभे आहोत, पण कारखान्यात नाही.

मामा दवाखान्यात असताना आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, एक तेलरंगाचा डबा आणला. पहिल्या स्टार्टरवर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. मोटरींवरही तेच ठिपके. लाल बटणं पुन्हा लाल केली. याला कुणी काही बोललं नाही. डबा आमच्या पैशाचा होता.

दुसरी, आम्ही दोरी बांधली. ही कल्पना एसटीतून आली. जुन्या लाल गाडीत छताला एक दोरी असते, कंडक्टरच्या दारापासून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीपर्यंत. एक टोला, थांब. दोन टोले, चल. कंडक्टर गर्दीत कुठंही अडकलेला असो, हात वर केला की दोरी हाताला लागते. दोरी वाचावी लागत नाही, शोधावी लागत नाही. रोज तिच्याखालून जात होतो, कधी वर बघितलं नव्हतं. आम्ही मेन स्विचच्या दांड्याला दोरी बांधली आणि कड्या ठोकून ती चारी पट्ट्यांवरून नेली. कुणीही, कुठूनही ओढली की सगळी मिल बंद.

चौथ्या दिवशी शेठनं दोरी काढायला लावली. म्हणाले, "उद्या कुणी उगंच ओढली तर? नुकसान कोण भरणार?"

तेव्हा माझ्या डोळ्यांवरची शेवटची पट्टी उतरली. तोपर्यंत मी समजत होतो की बटण चुकून लांब ठेवलंय. अज्ञानानं, आळसानं, विचार न करता. नाही. बटण ऑफिसच्या दाराशेजारी आहे, कारण मिल चालू करणं आणि बंद करणं ऑफिसचं काम आहे. ते आमच्यासाठी वाईट जागी आहे. शेठसाठी अगदी बरोबर जागी आहे. वस्तूची घडण चांगली की वाईट, हे विचारण्याआधी विचारायला पाहिजे, कुणासाठी? आमच्या हाताला चालवायचं सगळं दिलंय. थांबवायचं काहीच दिलेलं नाही. हजारो वर्षांच्या व्यवस्थेत हेच होतं. आम्हाला राबायला सांगितलं, पण "बास" म्हणायचा अधिकार दिला नाही. ज्याच्या हातात थांबवणं नाही तो माणूस यंत्राचाच एक भाग. त्याची बोटं गेली काय, पट्टा तुटला काय, वहीत एकच ओळ.

शेठच्या प्रश्नाला उत्तर आहे. रेल्वेच्या डब्यात साखळी असते. लोक उगंच ओढतात, सगळ्यांना माहीत आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण म्हणून साखळी काढून टाकलेली नाही. जनरल डब्यातल्या भिकाऱ्यालाही अख्खी गाडी थांबवता येते. वापर चुकीचा केला तर शिक्षा करा. पण आधी हातात द्या.

मामा आता मिलच्या दारात बसून पोती शिवतात, अंगठा आणि करंगळी यांच्या चिमट्यात दाभण धरून. मला बघितलं की दोन बोटं वर करून हसतात. म्हणजे दुसरं. मला हसू येत नाही.

दोस्तहो, उद्या कामावर गेलात की एक काम करा. जिथं उभे राहता तिथून बंद करायच्या बटणापर्यंत पावलं मोजा, आणि मोजून आम्हाला कळवा. आमच्याकडं एकतीस आहेत. दोरीची मागणी आम्ही लिहून दिली आहे, सोळा जणांच्या सह्यांनी. मामांनी सही डाव्या हातानं केली.